गुंगीतली बट्टी

जावई वेळेवर आला, इथूनच माझी सकाळ बिघडली. मी त्याला मुद्दाम उशिराची वेळ कळवली होती, आणि तरी लिफ्टमधून बाहेर पडते तर हा मुलांच्या वॉर्डाच्या दारात उभा. अंगात तोच करडा शर्ट. त्याच्या कॉलरची शिवण डाव्या बाजूला उसवलेली आहे, ती तशीच. मी शिवणकाम करते. माणसाचा चेहरा मला नंतर दिसतो, आधी शिवण दिसते. ज्याला वर्षभरात स्वतःच्या कॉलरला चार टाके घालता आले नाहीत तो संसार काय सांधणार, हे मी माझ्या लेकीला येता-जाता ऐकवत असते.

भिंगरी माझ्या कडेवर होती. सहा वर्षांची नात कडेवर घ्यायचं माझं वय राहिलेलं नाही, पण हॉस्पिटलच्या पायरीवरच तिनं माझ्या गळ्याला मिठी मारून पाय वर ओढून घेतले आणि उतरेचना. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं आहे. घरात ती भिंगरी, कारण एका जागी ठरत नाही.

"भिंगरी," जावई म्हणाला, "बघ तरी इकडे."

तिनं माझ्या मानेत तोंड खुपसलं, एक हात मागे नेला आणि करंगळी दाखवली. कट्टी. ही कट्टी वर्षभर चालू होती. करंगळी पाहून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

झालं होतं ते असं. वर्षापूर्वी बागेत यानं पोरीला झोका दिला आणि पोर झोक्यावरून पडली. कोपराच्या वरचं हाड मोडलं. इथेच आणली तिला. डॉक्टर म्हणाले, हाताला रक्त नीट जात नाहीये, थांबायला वेळ नाही. पोर लाथा झाडत होती, कुणाला हात लावू देत नव्हती. "कुणीतरी धरा हिला," म्हणाले. माझी लेक भिंतीला टेकून खालीच बसली. मी तिला सावरत होते. मग जावई आत गेला. त्यानं पोरीला टेबलावर दाबून धरलं, तोंडावर मास्क आला, आणि "बाबा सोड, बाबा सोड" हे ओरडणं बंद दारातून आमच्यापर्यंत आलं. हात वाचला. पण शुद्धीवर आल्यापासून पोरीनं बापाला अंगाला बोट लावू दिलं नाही.

त्याची त्यात चूक किती, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारत बसले नाही. लेक-जावयाचं आधीपासून धुमसतच होतं. या प्रकारानंतर लेक पोरीला घेऊन माझ्याकडे निघून आली. माझ्या मशीनशेजारी अभ्यासाचं टेबल आलं, दोरीवर छोटे मोजे वाळायला लागले. नवरा गेल्यापासून मी भिंतींशी बोलत होते. आता घरात भांडायला माणसं आली. मला दोघी हव्या होत्या आणि कायमच्या हव्या होत्या.

लेकीनं नवऱ्याला एकच अट घातली होती. "पोर ज्या दिवशी आपणहून तुझ्याकडे येईल, त्या दिवशी मी परत येईन. ओढून न्यायचं नाही, आमिष दाखवायचं नाही." जावई दर रविवारी यायचा, उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, करंगळी बघायचा आणि जायचा. मी मशीन थांबवायचीसुद्धा नाही. उरलेल्या दिवसांत पोरीचे कान कोण भरत होतं, हे वेगळं सांगायला नको. शाळेच्या कार्यक्रमाला तो आला नाही, तर मी म्हटलं, "बघितलंस? बोलतो एक, करतो एक. खोटारडा आहे तुझा बाप." कार्यक्रमाचा दिवस त्याला चुकीचा मीच कळवला होता. युद्धात सगळं चालतं म्हणतात, आणि नातवंडापायी चाललेलं युद्ध म्हणजे काय असतं हे ज्याला नातवंड आहे त्यालाच कळेल.

आज मागच्या वेळी हाडात बसवलेली धातूची पट्टी आणि स्क्रू काढायचे होते. काम थोडं, पण पोरीला झोपवूनच करायचं. लेक तापानं फणफणलेली, आणि सर्दी-खोकला घेऊन वॉर्डात यायचं नाही असं हॉस्पिटलनं बजावलेलं. म्हणून पोरीबरोबर मी. सही आईची नाहीतर बापाची लागते, म्हणून हा.

आदल्या दिवशीच्या तपासणीला मी एकटीच पोरीला घेऊन आले होते. भूल देणारी डॉक्टर लहानखुरी बाई होती, कोटाच्या बाह्या तिला दोन बोटं लांब. मी बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"मागच्यासारखं धरून दाबून करणार असाल तर आत्ताच सांगा. मी पोरीला घेऊन निघाले."

"आजी, मागच्या वेळी घाई होती," ती म्हणाली. "या वेळी आपण आधी गुंगीचं औषध देऊ. तोंडावाटे, सिरप असतं. अर्ध्या तासात मूल सैलावतं. हसतं, बडबडतं, कुणाकडेही जातं. एखादं मूल उलट चिडचिड करतं, पण बहुतेकांना चांगलं लागू पडतं. आत नेलं तरी रडत नाहीत."

"आणि नंतर?"

"नंतर बहुतेक मुलांना आठवतच नाही. औषध चढल्यानंतर काय झालं, कोण काय बोललं, सगळं पुसलं जातं. एका अर्थी बरंच."

"काहीच नाही आठवत?"

"बहुतेक काहीच नाही."

उरलेलं कापड मी कधी टाकत नाही, घडी करून ठेवते. हे वाक्यही तसंच ठेवून दिलं.

तर त्या सकाळी वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या पलंगावर आम्ही बसलो. पडद्यावर बदकं छापली होती, एका बदकाचं डोकं शिवणीत गेलं होतं. भिंगरी उपाशी होती, त्यामुळे सगळ्या जगावर रागावलेली. सिस्टरनं येऊन हाताच्या मागे सुई टोचायच्या जागी बधिर करणारं मलम लावलं आणि वर पारदर्शक पट्टी चिकटवली. जावई पलंगापासून चार हात लांब, भिंतीला चिकटून उभा होता. मग त्यानं मला खुणेनं बाजूला बोलावलं.

"आई, मला तिच्याशी दहा मिनिटं बोलू द्या. औषध द्यायच्या आधी."

"काय बोलायचंय?"

"मागच्या वेळचं. तिला अजून वाटतं की मी तिला मुद्दाम... तिला एकदा नीट सांगायचंय. तुम्ही जवळ बसलात तर ती ऐकेल. तुमचं ऐकते ती."

ऐकते, हे खरं होतं. मी म्हटलं असतं, "ऐक बाबाचं," तर पोरीनं नाक मुरडून का होईना ऐकलं असतं. माझ्या एका शब्दाचं काम होतं. तोच शब्द मला द्यायचा नव्हता.

"आत्ता नको," मी आवाजात साखर घालून म्हटलं. "उपाशी आहे, घाबरलीय. आत्ता बोलायला गेलात तर भोकाड पसरेल. औषध चढलं की शांत होईल. तेव्हा बोला की पोटभर. मांडीवर घ्या हवं तर."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही घेऊ द्याल?"

"मी कशाला नाही म्हणू? मी काय तुमची वैरीण आहे?"

होतेच मी. पण सापही मरावा आणि काठीही मोडू नये, असा बेत इतका सरळ कधी हाती लागत नाही. लेकीला सांगता आलं असतं की मी माझ्या हातानं पोर त्याच्या मांडीवर दिली. आणि पोरीच्या डोक्यात त्यातलं काही उरणार नव्हतं. तो मनातलं सगळं ओतणार आणि भांड्याला तळच नाही.

सिस्टर सिरप घेऊन आली. बिनसुईच्या सिरिंजमध्ये घोटभर औषध. ही सिस्टर म्हणजे भक्कम बांध्याची, आवाजानं पलंग हलवील अशी बाई. भिंगरीनं ओठ घट्ट मिटले.

"टोचणार नाही ना? मागे पण 'काही नाही करत' म्हणाले होते."

"सुई कुठाय बघ. नाहीच," सिस्टर म्हणाली. "पण कडू आहे हं. कडू नाही म्हणून मी सांगणार नाही."

मला ते आवडलं. पोरीलाही आवडलं असावं, कारण तिनं तोंड उघडलं. मी सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला लावून हळूहळू दाबली. भिंगरीनं गिळलं आणि असं तोंड केलं की शेजारच्या पलंगावरचा पोरगा आपलं रडणं विसरून बघायला लागला.

"ई! हे काय सांडलेलं औषध पुसून बनवलंय का?"

"घोटभर पाणी देऊ?" मी विचारलं.

"काही नाही. थेंबभर नाही," सिस्टर म्हणाली. "आणि ऐका, दोघांनी ऐका. आता हिला जमिनीवर सोडायचं नाही, पाय लटपटतात. गुंगी चढायला लागली की एकाच माणसाच्या मांडीवर ठेवायची, आणि त्याच माणसानं कडेवर घेऊन ऑपरेशनच्या दारातून आत जायचं, ती झोपेपर्यंत थांबायचं. मध्ये हात बदलायचे नाहीत. हात बदलले की मुलं बिथरतात आणि सगळं औषध फुकट जातं. ठरवा कोण ते."

"मी," मी म्हटलं.

सिस्टर शेजारच्या पोराकडे गेली.

औषध चढायला वेळ लागला नाही. आधी भिंगरीच्या खांद्यांतला ताठरपणा गेला. मग ती पडद्याकडे बघून हसायला लागली.

"आजी, त्या बदकाला डोकं नाहीये. ते कसं खातं?"

"खात नाही. तेपण उपाशी आहे."

हे तिला इतकं आवडलं की ती हसून हसून माझ्या अंगावर लवंडली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, डोळे बारीक केले. "आजी, तुला दोन नाकं आहेत."

"हो का?"

"दोन्ही मोठी आहेत."

भिंतीपाशी जावई हसला. भिंगरीनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली. मी तिच्या करंगळीकडे बघत होते. ती वर आली नाही.

"बाबा," ती म्हणाली, आणि दोन्ही हात पुढे केले.

मला हे माहीत होतं. माझाच बेत होता. तरी तिनं हात पुढे केले तेव्हा मी तिला आणखी घट्ट धरलं. कुणी सुचवलं नव्हतं, बोलावलं नव्हतं. तो पुढे आला, मी हाताची पकड सैल केली आणि पोर त्याच्याकडे गेली. तिला मांडीवर घेऊन तो पलंगाच्या कडेवर असा बसला जसं काही कुणी काच हातात दिलीय.

"तू मला पकडलं होतंस," भिंगरी म्हणाली. रागानं नाही. चित्राच्या पुस्तकात बोट ठेवून सांगावं तसं.

"हो. पकडलं होतं."

"मी सोड म्हटलं तरी."

"तरी. तुझा हात निळा पडत होता. थांबलो असतो तर हात गेला असता. ते तुला आधी सांगायला पाहिजे होतं. सांगायला वेळ नव्हता, आणि मलाही भीती वाटत होती."

"तुला?"

"खूप."

तिनं यावर विचार केला. गुंगीत पोरं विचार करताना तोंड उघडं ठेवतात. "तू रडलास?"

"नंतर. जिन्यात."

"मी पण नंतर रडते. आज पकडणार?"

"नाही. तू हो म्हणशील तेव्हाच आपण आत जायचं. मास्क पण मी धरणार नाही."

"कोण धरणार?"

"तू ठरव."

मी पडद्यावरच्या बिनडोक्याच्या बदकाकडे बघत बसले होते. कान मात्र बंद करता येत नाहीत. जिन्यात रडला हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी तो बराच वेळ दिसला नव्हता, तेव्हा मी लेकीला म्हटलं होतं, "बघ, पोर आत आणि हा चहा प्यायला गेला असेल."

भिंगरीनं मलम लावलेला हात वर केला, पहिलं आणि मधलं बोट जोडलं. बोटं नीट जुळेनात, तिनं दुसऱ्या हातानं ती जुळवली. मग ती जोडलेली बोटं त्याच्या हनुवटीला लावली.

"बट्टी," ती म्हणाली. "वाकडी झाली. पण बट्टी."

जावयानं तिच्या केसांत तोंड लपवलं. मी उठून उभी राहिले. एवढं पुरे होतं. वॉर्डबॉय ट्रॉली घेऊन दाराशी आला होता.

"द्या तिला," मी हात पुढे केले. "मी नेते."

सिस्टर मागून गरजली, "आजी! हात बदलायचे नाहीत सांगितलं ना? ती आता त्यांच्याजवळ सैलावलीय. तेच जातील."

"पण मी ठरवलं होतं की..."

"पोरीनं ठरवलं. बाजूला व्हा."

करायला गेले एक आणि झालं भलतंच. दोन मिनिटं मांडीवर देऊन पोर परत घ्यायची, हा माझा हिशेब. वॉर्डाची ही पद्धत मी कानांनी ऐकली होती, पण डोक्यात दुसराच आनंद भरल्यामुळे आत शिरली नव्हती. सिस्टरनं जावयाला हिरवा गाऊन आणि टोपी दिली. पोर हातात, गाऊनच्या नाड्या पाठीवर लोंबतायत. सिस्टर निघून गेली. नाड्या मी बांधल्या. सैल नाडी मला बघवत नाही, म्हणून बांधल्या. आणि आवळून बांधल्या.

"जरा सैल," तो म्हणाला.

"नाही."

भिंगरीनं त्याच्या खांद्यावरून मला हात हलवून दाखवला. "दोन नाकांच्या आजी, टाटा!"

तो बऱ्याच वेळानं बाहेर आला. हिरवी टोपी मुठीत, कडेवर पोर नाही. दाराबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी नाही, एक जागा सोडून बसला.

"झोपली?"

"झोपली. मास्क तिनं स्वतःच धरला. मला म्हणाली, तू धरू नकोस, तुला भीती वाटते."

त्याच्या तोंडावर समाधान असेल आणि ते थोड्या वेळात कसं उतरेल, याची मी सकाळपासून वाट बघत होते. पण तिथे समाधान नव्हतं. तो टोपीची घडी घालत होता.

"तिला यातलं काही आठवणार नाही," तो म्हणाला. "सकाळी तुम्ही यायच्या आधी मी सिस्टरना औषधाबद्दल विचारलं, तेव्हा कळलं."

माझा हात पर्सवर होता, तो तिथेच राहिला.

"तुम्हालाही माहीत होतं," तो पुढे म्हणाला. "काल डॉक्टरांनी सांगितलं असणार. म्हणून तुम्ही म्हणालात, औषध चढल्यावर बोला."

"मग भांडला का नाहीत?" मी उसळून म्हटलं. "तोंडात मूग धरून भिंतीला का चिकटलात? तेव्हाच म्हणायचं होतं, तुम्ही लबाड आहात."

"तिच्यासमोर? ऑपरेशनच्या आधी?"

"माणसानं भांडावं! न भांडणारी माणसं मला सोसत नाहीत. आणि आठवणार नाही हे ठाऊक होतं, तर ते सगळं बोललात कशाला? कुणासाठी?"

"तिनं विचारलं," तो म्हणाला. "तिनं विचारल्यावर उत्तर द्यायचं नाही का? तिला नाही आठवणार. मला आठवेल. एवढं मिळालं मला." मग पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे सरळ बघितलं. आवाज न चढवता बोलला, तेच मला जास्त लागलं. "आणि तुम्हालाही आठवेल, आई. तुम्हाला कुणी सिरप दिलेलं नाही."

मला त्याला चपराक द्यावीशी वाटली. अजूनही वाटते. त्यानंतर आम्ही दोघं एका बाकावर, मध्ये एक रिकामी जागा ठेवून, भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचत बसलो. मी त्या इतक्या वेळा वाचल्या की आता झोपेतही हात धुईन.

पोरीला परत आणली तेव्हा एका हाताला जाड बँडेज होतं, दुसऱ्या हाताला सलाईनची सुई. ओठ सुकलेले. मी पलंगाशी बसले. जावई दाराशीच थांबला, आत आला नाही. शुद्धीवर येताना पोरं सुरुवातीला उगीचच रडतात, तशी ती रडली, मग कुरकुरली, मग तिनं डोळे उघडून मला नीट बघितलं.

"आजी, झालं?"

"झालं."

"मला आठवतच नाही. ते कडू पाणी प्यायले, मग... मग काहीच नाही." तिच्या कपाळावर आठी आली. "मला आत कोणी नेलं?"

जिभेवर शब्द तयार होता. मी. एकच अक्षर, आणि ते म्हणण्यात मला काही अडचण नव्हती. आयुष्यात याहून मोठं खोटं मी गिऱ्हाइकांना कपड्याच्या तारखेबद्दल बोललेय. पोर माझी राहिली असती, लेक माझी राहिली असती. दारातल्या माणसानं तोंड उघडलं नसतं, हेही मला ठाऊक होतं. त्याच गोष्टीनं माझं डोकं फिरलं. हा पुन्हा भांडणार नाही, पुन्हा गप्प राहील, आणि मला जन्मभर ते आठवत राहील. मी त्याच्यावर उपकार केले असं कुणी समजू नये. मला हरायचं नव्हतं, त्याच्या त्या गप्पपणापुढे तर नाहीच नाही.

"तुझ्या बापानं," मी म्हटलं.

तिचे डोळे मोठे झाले. "पकडलं मला?"

"नाही गं. तूच हात पुढे केलेस. त्याच्या मांडीवर बसलीस. बट्टी केलीस त्याच्याशी. मास्क पण तूच धरलास."

"खोटं."

"खरं सांगते. मी तिथेच होते."

"खोटं!" तिचा आवाज बसलेला होता, तरी शेजारच्या पलंगापर्यंत गेला. "मी नाहीच जाणार त्याच्याकडे. तूच म्हणतेस ना बाबा खोटारडा आहे? तूच म्हणतेस ना त्याच्याजवळ जायचं नाही, परत पकडेल? मग मी कशी जाईन?"

"मी म्हणत होते, पण..."

"त्यानं तुला सांगितलं असं बोलायला. तू त्याच्या बाजूची झालीस."

दारातून जावई एक पाऊल पुढे आला. "भिंगरी, आजी खोटं नाही बोलत."

"तू बोलूच नकोस!"

तो थांबला. मी वर्षभर जी शिवण घातली होती ती अशी पक्की बसली होती. दुहेरी दोरा, मागे टाका, जसं मी शिकाऊ पोरींना शिकवते. आता ती उसवायला माझ्याच हातात कात्री नव्हती. ती बट्टी पाहिलेली जगात दोनच माणसं होती. एकाचा शब्द मी आधीच मोडून ठेवला होता, आणि दुसरीचा आत्ता मोडला.

भिंगरीनं सुई लावलेला हात उचलला. मला वाटलं, दाराकडे करतेय. तिनं करंगळी माझ्या नाकासमोर धरली.

"आजी, तुझी पण कट्टी."

मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि उरलेल्या गुंगीत झोपून गेली. करंगळी तशीच वर.

फोन वाजला. लेक. आवाज सर्दीनं जाड झालेला. पोर बरी आहे, झोपलीय, उलटी नाही, हात हलवतेय, हे सगळं मी सांगितलं. मग तिनं विचारलं,

"आणि तो आलाय?"

"आलाय."

"भिंगरी? नेहमीसारखीच?"

पलंगावरची करंगळी माझ्याकडे बघत होती. दारात तो उसवलेल्या कॉलरचा माणूस उभा होता, आणि त्याला मी आजही पाण्यात पाहते.

"गेली त्याच्याकडे," मी म्हटलं. "औषध दिलेलं होतं. तिला आठवत नाहीये आणि ती कबूल करणार नाही. पण कुणी ओढलं नाही, बोलावलं नाही. आपणहून हात पुढे केले. मी समोर होते."

मला वाटलं, तीही आता म्हणेल, खोटं.

"आई, हे तू सांगतेयस?"

"मीच."

"दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता," लेक म्हणाली. ती रडत होती की सर्दीनं नाक ओढत होती, कळलं नाही. "तू त्याच्याबद्दल चांगलं बोलतेयस म्हणजे ते खरंच असणार. फोन दे त्याला."

मी उठले आणि फोन जावयाच्या हातात कोंबला. तो काही म्हणायला गेला. "आधी कॉलर शिवा," मी म्हटलं, "मग बोला." तो फोन घेऊन बाहेर गेला, आणि काचेतून मला दिसलं की तो भिंतीला टेकून खाली बसलाय.

मी परत पलंगाशी येऊन बसले. दोरीवरचे छोटे मोजे माझ्या डोळ्यांसमोर आले. ते आता कुणाच्या दोरीवर वाळणार, हे मला कळलं होतं. भिंगरीच्या हातावर मी चादर ओढली. झोपेतच तिनं हात बाहेर काढला, आणि करंगळी पुन्हा माझ्याकडे केली.